बोर्डावर दगड, शाळेला कुलूप

दुकानाचा बोर्ड दहा फूट लांब आणि तीन फूट उंच धरा. तीस चौरस फूट. कर्नाटकाच्या कन्नड भाषा समग्र विकास कायद्यात 2024 साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे यातला 60 टक्के भाग कन्नडला द्यायचा, आणि तोही वरचा. अठरा चौरस फूट गेले. उंचीच्या हिशेबात छत्तीस इंचांतले साडेएकवीस इंच. उरलेल्या साडेचौदा इंचांत इंग्रजी, मराठी, फोन नंबर आणि मालक भाविक असेल तर गणपती. मराठीच्या वाट्याला फार तर सात इंचांची पट्टी येते. देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. त्यांची जागा सोडली की मूळ अक्षर चार इंचांवर येतं. रस्त्याच्या पलीकडून ते वाचता येत नाही. मग बोर्ड रंगवणारा स्वतःच म्हणतो, "मराठी काढूया की, सुटसुटीत दिसंल."

कायद्यात मराठीवर बंदी कुठेच नाही. ते काम फूटपट्टी करते.

अशा बोर्डांवरून मराठी निघून जाते तेव्हा कोणी दगड उचलत नाही. दगड पडतो तो चाळीस-पन्नास माणसं शिडी आणि काळा रंग घेऊन येतात आणि मागे मोबाईलचे कॅमेरे सुरू असतात तेव्हा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या गेल्या सत्तर वर्षांच्या हिंसाचाराला 'भाषिक अस्मिता' म्हणून मोकळं होता येतं, पण त्या शब्दाने काही उलगडत नाही. भाषा 365 दिवस तीच असते, दंगल चारच दिवस होते. तेच चार दिवस का, याचं उत्तर सरकारी धोरणात सापडतं, पण धोरण किती कडक आहे यात नाही. ते नजरेत किती भरतं, किती अचानक अंमलात येतं आणि त्याविरुद्ध तक्रार द्यायला एखादं टेबल आहे का, यात ते आहे. सगळ्यात जास्त नुकसान करणारी धोरणं शांततेत राबवली जातात, आणि ज्यांवरून डोकी फुटली ती बहुतेक वेळा पुतळा, झेंडा, फलक किंवा बसचं तिकीट यांच्याभोवतीची होती.

हे उलट दिशेनेही चालतं. 60 टक्क्यांचा नियम आधी आणि मोडतोड नंतर, असं झालं नाही. डिसेंबर 2023 मध्ये बेंगळुरूत कर्नाटक रक्षण वेदिके या कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी इंग्रजी पाट्यांची मोडतोड केली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत कायदा दुरुस्त झाला. मोडतोड केली की कायदा मिळतो, हा धडा कोणत्याही संघटनेला एकदाच शिकवावा लागतो.

आता मोजमापाकडे. सीमाप्रश्नाची निम्मी भांडणं 'टक्के किती' यावर वाटतात, पण खरा प्रश्न 'टक्के कशाचे' हा आहे. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 47 लाख 80 हजार, त्यात कन्नड मातृभाषेचे 68 टक्के आणि मराठीचे जवळपास 19 टक्के. आकडा बरोबर आहे. पण त्या जिल्ह्यात अथणी, गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती सगळे येतात. खानापूर तालुका वेगळा काढला की मराठी बहुसंख्य होते. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडची गावं एकेक करून घेतली की चित्र आणखी बदलतं. म्हणून महाराष्ट्र पाटसकर सूत्राचा आग्रह धरतो: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा. कर्नाटक महाजन अहवालाला धरून बसतो. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 मध्ये नेमलेल्या या एकसदस्य आयोगाने 1967 मध्ये बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं; निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. कर्नाटक तो मान्य करतो, पण त्याची अंमलबजावणी कोणीच केली नाही. आता महाराष्ट्राची मागणी 865 गावांची आहे आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

न्यायालयात प्रश्न पडून आहे म्हणून दोन्ही सरकारांना सीमेला हात लावता येत नाही. मग हात लागतो तो प्रतीकांना, कारण त्याला कोणाची स्थगिती नसते. महाराष्ट्राने दावा दाखल केल्यावर दोनच वर्षांत, 2006 मध्ये, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन पहिल्यांदा बेळगावात भरलं. 2012 मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीचं, सुवर्ण विधानसौधचं, उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झालं. 1 नोव्हेंबर 2014 ला 'बेळगाव' चं सरकारी नाव 'बेळगावी' झालं. यातला एकही निर्णय मराठी माणसाचं रेशन कार्ड अडवत नाही. पण प्रत्येकाची एक तारीख असते, आणि तारीख आली की दोन्ही बाजूंना जमाव गोळा करायला कारण मिळतं. अधिवेशन आलं की महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा येतो, महामेळावा आला की परवानगी नाकारली जाते, आणि कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या पुढाऱ्यांच्या गाड्या अडवल्या जातात. हे इतकं ठरलेलं झालंय की पंचांगात छापलं तरी चालेल.

1 नोव्हेंबरचंच बघा. एकाच शहरात, एकाच सकाळी, राणी चन्नम्मा चौकात कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाची गर्दी आणि धर्मवीर संभाजी उद्यानापासून मराठा मंदिरापर्यंत, सीमाभाग महाराष्ट्राबाहेर ठेवल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाची फेरी. इकडे लाल-पिवळे झेंडे, तिकडे काळे कपडे आणि तोंडाला काळ्या पट्ट्या. पोलिसांचं सगळं कौशल्य या दोन प्रवाहांची गाठ न पडू देण्यात असतं, आणि बहुतेक वर्षी ते जमतं. बिघडतं ते फेरी संपल्यावर: माणसं पाच-पाच, दहा-दहाच्या टोळक्यांनी घरी निघतात, ठरलेला मार्ग राहत नाही, स्वयंसेवक पांगलेले असतात आणि समोरून दुचाकींची मिरवणूक येते. ज्या वर्षी परवानगी वेळेत आणि लेखी मिळते, मार्ग आखून दिलेला असतो, त्या वर्षी आयोजक स्वतः पोरांना आवरतात, कारण त्यांची सही त्या कागदावर असते. परवानगी नाकारली की फेरी थांबत नाही, जबाबदार माणूस तेवढा नाहीसा होतो. बंदीने हिंसा टळते असं समजणाऱ्यांनी हा फरक एकदा नीट पाहावा.

बेळगावजवळच्या येळ्ळूरचा फलक हे दुसरं उदाहरण. गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा फलक वर्षानुवर्षे उभा होता. त्याने कोणाची जमीन बळकावली नव्हती की रस्ता अडवला नव्हता. जुलै 2014 मध्ये न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देऊन प्रशासनाने तो पाडला. गावाने पुन्हा उभारला. 27 जुलैला पोलीस मोठ्या संख्येने आले आणि लाठीमार झाला. आदेश पाळायचा होता हे मान्य. पण न्यायालयाचा आदेश राबवायला नोटीस, पंचनामा, ग्रामपंचायतीशी बैठक असे टप्पे असतात. त्यांना दहा-पंधरा दिवस लागतात आणि त्यांचे फोटो छापून येत नाहीत. फौजफाटा घेऊन पहाटे पोहोचलं की काम तासात होतं, आणि पुढची दहा वर्षं त्याचे खटले चालतात. अशा खटल्यात नाव आलेल्या पोराला पासपोर्टपासून नोकरीच्या पडताळणीपर्यंत सगळीकडे अडखळावं लागतं. ज्याला गमावण्यासारखं काही उरत नाही तो पुढच्या वेळी पहिल्या रांगेत असतो.

पुतळ्यांबद्दल लिहावं तेवढं थोडं, पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कन्नडिगांचा वीर संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी 1831 मध्ये फाशी दिली ती नंदगडला, खानापूर तालुक्यात. शिवाजी महाराज गेले 1680 मध्ये. दोघांमध्ये दीडशे वर्षांचं अंतर आहे आणि भांडण कसलंच नाही. भांडण आहे ते चौकाच्या नावाचं. ऑगस्ट 2020 मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत रायण्णाचा पुतळा रातोरात बसला, तणाव झाला, लाठ्या चालल्या. शेवटी तोडगा काय निघाला? पुतळा रायण्णाचा राहील, चौक छत्रपती शिवाजी महाराजांचा. तोडगा इतका साधा होता तर तो आधी का सुचला नाही? कारण पुतळा बसवण्याआधी परवानगीची जी प्रक्रिया असते, तिच्यातच हरकती मागवून असं काही ठरवता येतं. ती प्रक्रिया दोन्ही बाजूंना नको असते. रात्रीत उभा राहिलेला पुतळा हटवायची छाती कोणत्याच सरकारला होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

डिसेंबर 2021 मध्ये साखळी कशी लागते ते दिसलं. अधिवेशनाच्या दिवशी बेळगावात महामेळाव्याच्या जागी समितीच्या नेत्याला शाई फासली गेली. त्यावर कोल्हापुरात कन्नड झेंडा जाळला गेला. त्यावर बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्यावर शाई ओतली गेली. त्यावर बेळगावात रात्री जमाव जमला, सरकारी गाड्या फुटल्या आणि अनगोळला रायण्णाच्या पुतळ्याची नासधूस झाली. तीन शहरं, चार-पाच दिवस. यात शाई फासणाऱ्यांपैकी किंवा गाड्या फोडणाऱ्यांपैकी कोणाचाही कसला अर्ज कोणत्या कचेरीत अडकून पडलेला नव्हता. ज्यांचे अर्ज अडकलेले असतात ती माणसं त्या रात्री दारं लावून घरात बसलेली असतात.

जुनी दोन प्रकरणं याहून गंभीर, कारण त्यांत माणसं मेली. 16 जानेवारी 1956 ला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून राज्यरचनेचा निर्णय सांगितला आणि दुसऱ्याच दिवशी बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला. 17 जानेवारीला हुतात्मा दिन पाळतो तो म्हणूनच. त्या दिवशी बेळगाव अजून मुंबई राज्यात होतं, म्हणजे गोळी मुंबई सरकारच्या पोलिसांची होती, म्हैसूरच्या नव्हे. भाषणांमध्ये ही बारीक गोष्ट गाळली जाते. दुसरं प्रकरण कन्नडसक्तीचं. शाळेतल्या भाषांबद्दलच्या गोकाक समितीचा अहवाल 1981 चा. त्यानंतरच्या आंदोलनातून माध्यमिक शाळेत कन्नडला एकमेव प्रथम भाषा करण्याचा आदेश 1982 मध्ये निघाला, आणि सक्ती खालच्या वर्गांपर्यंत येऊ लागली. जून 1986 मध्ये सीमाभाग पेटला. गोळीबारात नऊ जण गेले. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे.

पण सक्तीचा तो आदेश रद्द झाला तो आंदोलनाने नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संघटनेने याचिका केली होती. 1989 च्या जानेवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने अल्पसंख्य भाषकांच्या मुलांवर कन्नड एकमेव प्रथम भाषा म्हणून लादणं घटनाबाह्य ठरवलं. सरकारने त्याच वर्षी सौम्य आदेश काढला, आणि तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. नऊ हुतात्म्यांची नावं गावागावांत माहीत आहेत, असायलाच हवीत. याचिकेचं नाव शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, सरकार नाही, असा निकाल दिला. आपल्याकडे पेढे वाटावेत असा तो निकाल. फायदा उचलला इंग्रजी माध्यमाने.

आता प्रत्यक्ष काय मागता येतं ते. 1956 च्या केंद्र सरकारच्या निवेदनापासून 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेपर्यंत भाषिक अल्पसंख्याकांना द्यायची जी हमी ठरत गेली, तिच्यात दोन आकडे महत्त्वाचे: 60 आणि 15. जिल्ह्यात 60 टक्के लोक राज्यभाषेखेरीज दुसरी भाषा बोलत असतील तर तिला त्या जिल्ह्यापुरता राजभाषेच्या जोडीचा दर्जा देता येतो. हे बेळगाव जिल्ह्यात होणार नाही, त्यामुळे त्यावर भाषणं करून उपयोग नाही. पण जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका यांपैकी कुठेही अल्पसंख्य भाषक 15 टक्के असले की महत्त्वाच्या सूचना, नियम, मतदारयाद्या त्या भाषेत द्यायच्या. इथे मराठी जिल्ह्याच्या पातळीवरही पात्र ठरते. तरी निवेदनं देताना लोक 60 टक्क्यांच्या सुरात '865 गावं' लिहितात, आणि अधिकारी ते 'न्यायप्रविष्ट' शेरा मारून बाजूला ठेवतो. सीमाप्रश्न आणि भाषिक हक्क एका अर्जात घातले की दुसरा पहिल्याबरोबर बुडतो.

अर्ज मराठीत देता येतो. राज्यघटनेचं कलम 350 संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. तरी सोबत एक पान कन्नड सारांश जोडावा; टेबलावरच्या कारकुनाला घटना शिकवण्यापेक्षा ते सोपं. जनगणनेचा सी-16 तक्ता मातृभाषेचा असतो, त्यातला आपल्या तालुक्याचा आकडा अर्जातच लिहावा, 'बहुसंख्य मराठी भाषक' असं मोघम नको. मागणी एकच असावी आणि वस्तूला धरून: घरपट्टीचं बिल, ग्रामसभेची नोटीस, दवाखान्यातला फलक, बसवरची पाटी. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा चुकतं. निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देताना फोटो निघतो, पेपरात येतो, आणि आवकला नोंदच नसते. महिन्याभराने काय झालं विचारायला गेलं की 'असं पत्र मिळालेलं नाही'. नोंद असेल तर पुढची पायरी कलम 350 ब खालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. त्यांना शिक्षा करायचे अधिकार नाहीत, ते फक्त अहवाल देतात. पण तो अहवाल राष्ट्रपतींकडून संसदेत जातो, आणि राज्याचं लेखी उत्तर मागवलं जातं. ते लेखी उत्तर धारवाड खंडपीठात उपयोगी पडतं. मोर्चाचा व्हिडिओ तिथे पडत नाही.

आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. महाराष्ट्रात 2022 मध्ये दुकानांच्या पाट्या मराठीत, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, असा नियम झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपायच्या आत आणि नंतरही कोण शिड्या घेऊन फिरत होते ते सगळ्यांनी पाहिलं. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरमधला कन्नड भाषक तिकडून तेच बघत असतो. फरक दाखवता येतो, मराठीचा नियम आकारात समान जागेचा आहे आणि कर्नाटकाचा साठ-चाळीसचा, आणि हा फरक खरा आहे. पण शिडी सारखीच असते. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. फेब्रुवारी 2025 मध्ये बाळेकुंद्रीच्या वाटेवर तिकिटाच्या भाषेवरून वाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या. अशा वेळी प्रवासी कागलला उतरतो, बोचकं घेऊन कोगनोळीच्या दिशेने मिळेल ते वाहन पकडतो आणि पलीकडची बस धरतो. दवाखान्यात निघालेला माणूस तोच, बाजाराला निघालेला तोच.

राहिली शाळा. अल्पसंख्य भाषेच्या माध्यमासाठी जुना आणि अजूनही लागू असलेला हिशेब असा: प्राथमिक शाळेत त्या भाषेची 40 मुलं किंवा एका वर्गात 10 मुलं असली की शिक्षक द्यावा लागतो. माध्यमिकला वरच्या चार वर्गांत मिळून 60 किंवा वर्गात 15. आणि याच हमीत आणखी एक सोय आहे जी कोणी वापरत नाही: शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी मुलांची आगाऊ नोंदणी करायची वही ठेवायची असते. एका शाळेत सात आणि शेजारच्या शाळेत पाच मुलं निघाली तर ती एकत्र करून वर्ग धरता येतो. नोंदणी झालीच नाही तर जूनमध्ये पटावर नऊ दिसतात, दहावं मूल आधीच इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसलेलं असतं, आणि शिक्षकाची जागा तात्पुरत्या अतिथी शिक्षकावर जाते. अतिथी शिक्षक वर्षभर टिकत नाही, म्हणून पुढच्या वर्षी सहा. मग विलीनीकरण. मग कुलूप. या सगळ्यात कोणी कोणाला मारलेलं नसतं, जमावबंदी लागलेली नसते, कोणाच्या अंगावर गुन्हा नसतो.

कर्नाटकातल्या शाळा मेअखेर उघडतात, म्हणजे ही वही फेब्रुवारीत उघडायला हवी. तेव्हा हुतात्मा दिन नुकताच होऊन गेलेला असतो आणि काळा दिन नऊ महिने लांब असतो.